पहिल्या फेऱ्याचा दांडा

सकाळी नऊ पन्नासला पेदलंकाच्या वीजकेंद्रातले दिवे गेले. तीनशे मेगावॉट वीज करणाऱ्या कारखान्यातच अंधार, यावर एरवी दानय्याने चार विनोद केले असते. आज त्याच्या तोंडचं पाणी पळालं. टर्बाइनचा आवाज हळूहळू खाली उतरत होता. हा आवाज त्याने बारा वर्षं ऐकला होता. तो किती मिनिटांत संपेल हे त्याला घड्याळाशिवाय कळत होतं.

कंट्रोल रूममधून हिमबिंदू धावत आली. सत्तावीस वर्षांची इंजिनियर, केंद्रात उरलेल्या साहेबांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाची. दानय्या नुसता फोरमन, पण ती त्याला बाबाय म्हणायची, म्हणजे काका, आणि तो तिला अम्माई, म्हणजे पोरी.

"बाबाय, लाइनचा मनोराच पडला. भंगारवाल्यांनी पायाचे बोल्ट काढले."

"आपल्या लाइनचा?"

"हो ना! त्यांना वाटलं दुसऱ्या युनिटचा आहे."

केंद्राबाहेर मनोऱ्यांच्या दोन रांगा शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक चालू लाइनची, दुसरी कधीच न उभ्या राहिलेल्या दुसऱ्या युनिटची. त्या दुसऱ्या रांगेचे पाय महिनाभर रोज कापले जात होते आणि सगळ्यांनी त्याकडे काणाडोळा केला होता. जे चालायचंच नाही त्याचं लोखंड कुणी नेलं तर कुणाचं काय जातंय? आज त्या लोकांची रांग चुकली.

केंद्राचा स्वतःचा डिझेल जनरेटर भाड्याचा होता. त्याचा मालक तो दोन महिन्यांपूर्वीच उचलून घेऊन गेला होता. आता फक्त बॅटऱ्या होत्या. त्यांच्यावर बेअरिंगला तेल देणारा पंप तेवढा चालला होता.

"कोळंबीच्या तळ्यावरचा मोठा जनरेटर मागवलाय मी," हिमबिंदू म्हणाली. "ट्रॅक्टरवर घालून आणणार, जोडणार. चार तास लागतील. तोवर रोटर हाताने फिरवू. दांडा काढा."

रोटर म्हणजे टर्बाइनच्या पोटातला कित्येक टनांचा आस. पाचशे अंशांच्या वाफेने तापलेला. तो थांबून पडला की खालून लवकर निवतो, वरून गरम राहतो आणि मधोमध वाकतो, उन्हात एका अंगाने पडलेली फळी वाकते तसा. म्हणून तो निवेपर्यंत हळूहळू फिरवत राहावा लागतो. मोटर नसेल तर माणसांनी, दर अर्ध्या तासाला अर्धा फेरा. त्यासाठी यंत्राबरोबर चीनहून एकच दांडा आला होता. पाच फुटांचा, टोकाला खास दातांचा. त्या जागी दुसरं काही बसत नव्हतं.

दानय्या हलला नाही. हिमबिंदूने स्वतःच हत्यारांची लाल पेटी उघडली. आत मखमलीत दांड्याच्या आकाराची खोबण होती. रिकामी.

"बाबाय, नोंदवहीत दरवर्षी 'आहे' म्हणून खूण आहे. सही तुमची आहे."

"खूण खोटी आहे, अम्माई."

"मग दांडा कुठाय?"

"बाबूगारूंच्या देवघरात. जुन्या मालकांच्या घरी."

तिने दोन क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला. "तासभर. फार तर सव्वा तास. त्यापुढे गेलो तर मी काही सांगू शकत नाही. जा, निघा!"

अंगणात चालू अवस्थेत एकच गाडी होती, केंद्राची अँब्युलन्स. ड्रायव्हर मस्तान वली बोनेटवर बसून शेंगा सोलत होता.

"पेशंट कोण, अन्ना?"

"टर्बाइन. नागुलपालेमला चल. सायरन लाव."

"यंत्रासाठी सायरन? अल्ला माफ करो." म्हणत म्हणत त्याने गाडी गेटबाहेर काढलीसुद्धा.

बावीस किलोमीटर. रस्त्यावरची माणसं, म्हशी, कोळंबीच्या बर्फाच्या गाड्या बाजूला होत होत्या. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. दानय्या पुढच्या सीटवर मुठी आवळून बसला होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

उद्या दहा वाजता विकत घेणाऱ्यांची माणसं यायची होती. मालकाचं दिवाळं निघाल्यावर कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने साफ सांगितलं होतं: यंत्र फिरतं असेल तर केंद्र माणसांसकट विकलं जाईल, नाहीतर किलोवर. माणसं तीनशे ऐंशी. त्यातल्या कित्येकांना दुसरीकडे कामं मिळत होती. दानय्याने घरोघरी जाऊन त्यांना थांबवलं होतं. थांबा, यंत्र ठणठणीत आहे, मी आहे ना. आता तोच तोंडघशी पडणार होता आणि त्यांना घेऊन पडणार होता.

बाबूगारू म्हणजे सांबय्या, भ्रमरांबा समूहाचा मालक. आईच्या नावाने काढलेला समूह. सुरुवात कालव्याचा गाळ काढण्यापासून, बारा गाढवं आणि वीस माणसं घेऊन. त्या विसांत दानय्या होता. मग बांध, मग पूल, मग महामार्ग. मातीच्या कामात एक सोय असते, इथला ढीग उचलायचा आणि तिथला खड्डा भरायचा. सांबय्याने पुढे सगळा कारभार तसाच केला. पुलाच्या पैशाने वीजकेंद्र, वीजकेंद्राच्या नावावर आफ्रिकेतली खाण, खाणीच्या नावावर विमानतळ. शेवटी एक दिवस सगळीकडे खड्डेच उरले आणि ढीग कुठेच नव्हता. पण चांगल्या दिवसांत, बाबा रे! हैदराबादेत सात मजली काचेची इमारत, मंत्री दारात ताटकळत, आणि सांबय्याने तोंड उघडायच्या आत "अगदी बरोबर" म्हणणारी माणसं दोन्ही बाजूंना.

यंत्राचा पहिला फेरा ज्योतिष्याने काढलेल्या मुहूर्तावर झाला. मालकाच्या हातूनच झाला पाहिजे, असा त्याचा हट्ट. दानय्याने दांडा दातांत बसवून दिला, सांबय्याने ओढला, रोटर इंचभर हलला आणि नारळ फुटले. हळदीकुंकवाने माखलेला तो दांडा पेटीत परत ठेवायचा कसा? दानय्याला भरून आलं होतं. गाढवांमागे चालणारा माणूस आज वीज काढत होता. त्याने दांडा दोन्ही हातांवर घेऊन पुढे केला.

"घरी न्या, बाबूगारू. पूजेत ठेवा."

"तुला लागणार नाही ना रे?"

"आपलं यंत्र थांबणारच नाही."

सांबय्याने त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली होती. घरी गेल्यावर त्याच्या बायकोने, सीतारावम्मांनी, दांडा दुधाने धुऊन घेतला, कारण तो दानय्याच्या हातचा होता. हे दानय्याला नंतर सांबय्याच्या ड्रायव्हरकडून कळलं. आपण ते मनाला लावून घेतलं नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे.

नागुलपालेमचं घर बायकोच्या नावावर होतं, म्हणून तेवढं उरलं होतं. सांबय्या व्हरांड्यात पेपर वाचत बसला होता. पांढरा पंचा, पांढरे केस, मनगटं काटकुळी. सायरन ऐकून तो उठून उभा राहिला.

"कोण गेलं रे?"

"कुणी नाही, बाबूगारू. लाइन पडली. यंत्र थांबलंय, तापलेलं आहे. दांडा हवाय."

सांबय्याने पेपराची नीट घडी घातली. "बस. ताक घे."

"वेळ नाही. अकराला दहा कमी आहेत."

"मला आता वेळच वेळ आहे." तो परत खुर्चीत बसला. "उद्या कोण येतंय बघायला, ठाऊक आहे ना? ज्याला मी पुलासाठी खडी टाकायचं काम दिलं, त्याचा जावई. माझ्या दारात चपला काढून उभा राहायचा सासरा. त्याच्यासाठी मी घरातला देव उचलून देऊ?"

"त्यांच्यासाठी नाही. आपल्या माणसांसाठी."

"आपली माणसं! बँकवाले फर्निचर मोजायला आले तेव्हा एक तरी आपला इकडे फिरकला?"

"मी आलो होतो. मागच्या दाराशी. अम्मगारूंना विचारा."

सीतारावम्मा आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

सांबय्याने पेपर पुन्हा मांडीवर घेतला. दानय्याला प्रत्येक क्षण कानशिलात ठोके दिल्यासारखा लागत होता. तिकडे रोटर निवत होता. इकडे हा माणूस पेपराची कड बोटाने सरळ करत होता.

"वाकू दे," सांबय्या म्हणाला. "तुला कळतंय का, दाना? ते वाकलं तर लोक म्हणतील, सांबय्याबरोबर संपलं. आणि त्यांच्या हाताखाली फिरत राहिलं, तर म्हणतील यंत्र चांगलंच होतं, सांबय्याच नालायक होता."

"लोक काहीही म्हणोत, तीनशे ऐंशी घरं..."

"माझं घर कुणी मोजलं?"

"दानय्या, तू जा," सीतारावम्मा हळूच म्हणाल्या. "ज्योतिष्यांनी सांगितलंय, तो दांडा ईशान्येला आहे तोवर लक्ष्मी परत यायची वाट आहे. आमच्याकडे दुसरं काय उरलंय, सांग?"

ते आतलं दार देवघराचंच होतं. दानय्याला त्यांच्या खांद्यावरून दांडा दिसत होता. झेंडूची माळ घातलेला, हळदीचे थर चढलेला. मधे एक उंबरा. तीस वर्षांत दानय्या या घरी विहिरीपर्यंतच आला होता. विहिरीजवळ केळीच्या पानावर पोटभर जेवला होता. सांबय्याने त्याच्या मुलीच्या लग्नाला मांडव घातला होता आणि मुलाचं ऑपरेशन करवलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण उंबरा तो उंबरा. तो ओलांडायचं दानय्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्याने खाली पाहिलं. पायांत लोखंडी टोकाचे बूट, घट्ट बांधलेल्या नाड्या. सोडायला एक मिनिट, बांधायला एक मिनिट.

"माफ करा, अम्मगारू," म्हणत तो त्यांच्या बाजूने आत शिरला.

"दानय्या! बूट!"

समईला धक्का लागू न देता त्याने दांडा उचलला. झेंडूची माळ तुटून खाली पडली. तो वळला तर उंबऱ्यात सांबय्या. त्याने दांड्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

दोन म्हातारे एका लोखंडाला लोंबकळत उभे राहिले. एक हिसका दिला असता तर सांबय्या भिंतीवर आदळला असता. दानय्याला ते कळत होतं आणि हात मात्र उठत नव्हता.

"तूच दिला होतास," सांबय्या म्हणाला. "तूच म्हणालास, आपलं यंत्र थांबणार नाही."

"खोटं बोललो, बाबूगारू."

"काय?"

"थांबत नाही असं यंत्र नसतं. मला त्या दिवशीही माहीत होतं. दांडा पेटीतून हलवू नका, असं मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलं होतं. तुमचा चेहरा पाहिला आणि बोलून गेलो."

"का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

सांबय्याची बोटं दांड्यावर तशीच होती. पण तो आता दानय्याकडे पाहत नव्हता. कुठेतरी मागे, फार मागे पाहत होता.

"आणि बाकीचे?" त्याने विचारलं. "खाण चांगली आहे म्हणणारे. दुसरं युनिट काढा म्हणणारे. तेही?"

"त्यांच्या मनातलं मला काय ठाऊक? पण तुमच्यासमोर कुणी 'नाही' म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. मीही म्हटलं नाही."

हे बोलताना दानय्याला वाटलं, आता हा कोसळणार. आयुष्यात ज्याने त्याला माणूस केलं त्याच्या छातीवर आपण बूट घालून उभे आहोत, असं त्याला वाटलं.

सांबय्याने हात सोडले. दानय्या दांडा घेऊन धावत अँब्युलन्सशी पोचला. स्ट्रेचरवर दांडा ठेवून दार ओढणार तोच मागून आवाज आला.

"थांब. चपला घालतो."

परतीच्या वाटेवर सांबय्या मागे बसला. स्ट्रेचरवरचा दांडा गडगडू नये म्हणून सांबय्याने तो मांडीशी धरून ठेवला होता. हळद त्याच्या पांढऱ्या पंच्यावर उतरली. मस्तान आरशातून पुन्हा पुन्हा बघत होता आणि, जन्मात पहिल्यांदाच असेल, त्याची टकळी बंद होती.

गेटवर नव्या एजन्सीचा रखवालदार होता. त्याने आत वाकून सांबय्याकडे बोट दाखवलं. "यांचा पास?"

सांबय्याचं डोकं वर झालं. दानय्याने पटकन खिडकीतून सांगितलं, "माझा माणूस आहे. कामाला आणलाय. उघड लवकर!"

गेट उघडलं.

साडेअकरा. रोटर सत्तर मिनिटं उभा होता. दांड्याचे दात हळदीने बुजले होते. दानय्याने ते रॉकेलच्या फडक्याने पुसले, दांडा बसवला आणि अंगाचा भार टाकला. काही हललं नाही. आणखी दोघे आले. नाही.

"जोर नको," हिमबिंदू ओरडली. "आत घासलं तर कायमचा जाईल. हळू. धरून ठेवा नुसतं. धरा."

त्यांनी धरून ठेवलं. दानय्याच्या खांद्यांत कळा येत होत्या. मग पायाखाली काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दांडा तसूभर खाली आला. परत घेतला, परत ओढला. इंचाइंचाने अर्धा फेरा पुरा व्हायला नऊ मिनिटं लागली.

हिमबिंदू बॅटरीच्या उजेडात रोटरचा वाक मोजणाऱ्या सुईवर वाकली. "अठरा. सातच्या आत हवी." "वाकलाय. आता असाच उलटा ठेवायचा. जितका वेळ उभा राहिला तितकाच. गरम बाजू खाली आलीये. नशिबात असेल तर स्वतःच सरळ होईल. कुणीही हात लावू नका."

सत्तर मिनिटं काही न करता बसणं. दानय्याने तेवढी लांब सत्तर मिनिटं कधी पाहिली नव्हती. माणसं जिन्यावर, फरशीवर, पाइपांवर बसली होती. कुणीतरी इडलीचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. म्हाताऱ्याला बऱ्याच जणांनी ओळखलं होतं. कुणी उठून उभं राहिलं, कुणी मुद्दाम बसून राहिलं. सांबय्या लाल पेटीच्या कडेवर बसला होता, झाकण उघडं, हात गुडघ्यांवर.

"दाना."

"बोला, बाबूगारू."

"वाचेल का? खरं सांग."

दानय्याच्या जिभेवर 'वाचेल' आलंच होतं. तीस वर्षांची सवय. त्याने ते गिळलं.

"माहीत नाही."

सांबय्याने मान हलवली. त्याला राग आला नाही. उलट त्याने पाय लांब केले आणि उघड्या झाकणाला टेकून बसला, दिवसभर उभ्याने काम केलेल्या माणसासारखा.

बारा पन्नासला हिमबिंदूने सुई वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली.

"नऊ."

कुणी ओरडलं नाही. नऊ म्हणजे सात नव्हे.

"फिरवा," ती म्हणाली. "अर्धा फेरा."

या वेळी दांडा पहिल्या ओढीला हलला. सव्वाला आठ. पावणेदोनला, बाहेर ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत असताना, सुई सहावर थांबली. जिन्यावरून कुणीतरी शीळ घातली आणि मग सगळा मजला एकदम बोलायला लागला. मस्तानने स्वतःच्याच अँब्युलन्सचा सायरन वाजवला म्हणून शिव्या खाल्ल्या. दानय्या यंत्राच्या पत्र्याला पाठ लावून खाली बसला. तो रडत होता आणि त्याने ते लपवलं नाही.

हिमबिंदू नोंदवही घेऊन त्याच्याशेजारी उकिडवी बसली. आवाज खाली आणला.

"बाबाय, सत्तर मिनिटं का गेली, ते लिहावं लागेल. उद्या ते पहिलं हेच पान उघडतील. मी लिहिते, दांडा अडकून बसला होता. बारा वर्षं खोटी खूण केलीये असं कळलं तर तुम्हाला एक दिवस ठेवणार नाहीत. बाकी सगळे राहतील, तुम्ही नाही."

"माहीत आहे."

"मग लिहू ना?"

दानय्याने वही आपल्याकडे घेतली. त्याचा हात हळदीने आणि तेलाने माखला होता, कागदावर डाग पडला. त्याने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: दांडा पेटीत नव्हता. यंत्र चालू झालं त्या दिवशी मी तो मालकांना दिला. दरवर्षी 'आहे' अशी खूण मी केली, ती खोटी.

सही करून त्याने पेन खाली ठेवलं. सांबय्या पेटीवरून उठून कधी मागे येऊन उभा राहिला होता, त्याला कळलं नव्हतं. त्याने वाकून वाचलं. पेन उचललं. पूर्वी कोट्यवधींच्या कागदांवर ज्या सहीसाठी लोक ताटकळत असत, ती त्याने दानय्याच्या सहीखाली केली आणि पुढे लिहिलं: मी मागायला नको होता.

"त्यांनी मागितला नव्हता, मी दिला," दानय्या हिमबिंदूला म्हणाला.

"गप रे," सांबय्या म्हणाला.

खाली जनरेटरच्या तारा ओढायचं काम सुरू झालं होतं. अजून निदान वीस मिनिटं लागणार होती. हिमबिंदूने घड्याळ पाहिलं.

"बाबाय, वेळ झाली. अर्धा फेरा."

दानय्या उठला. सांबय्याने पंचा गुडघ्यावर खोवला आणि दांड्याचं मोकळं टोक धरलं.